जनगणनेची आकडेवारी : रायगडची किनारपट्टी

जनगणनेच्या आकड्यांवरून रायगड जिल्ह्यातील उरण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या समुद्रालगतच्या आणि पनवेल, पेण, म्हसळा, तळा अशा खाडीलगतच्या तालुक्यांतील वस्ती समजून घेण्याची रीत. जनगणनेचा प्रत्येक आकडा ठरावीक हद्दीचा, ठरावीक तारखेचा आणि ठरावीक व्याख्येचा असतो. या तिन्ही गोष्टी तपासल्या, तरच तो गावाच्या कामी येतो. न तपासल्यास ज्यांच्यासाठी योजना आखायची, नेमके तेच लोक हिशेबातून निसटतात.

आकडे कुठे मिळतात : मुख्य साधन म्हणजे ‘जिल्हा जनगणना पुस्तिका’. ही मालिका १९५१ च्या जनगणनेपासून निघते आणि भारताचे महानिबंधक व जनगणना आयुक्त यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहे. २०११ च्या पुस्तिकेच्या ‘अ’ भागात गावनिहाय सोयी दिल्या आहेत : शाळा, दवाखाना, पिण्याचे पाणी, रस्ता, जमिनीचा वापर. ‘ब’ भागात प्राथमिक जनगणना गोषवारा आहे : कुटुंबे, स्त्री-पुरुष, सहा वर्षांपर्यंतची मुले, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर आणि कामकरी. प्रत्येक महसुली गावाला सहा अंकी संकेतांक असतो. शोध नावापेक्षा या अंकाने घ्यावा, कारण एकाच नावाची गावे अनेक असतात. इंग्रजी तक्त्यांत रायगडचे स्पेलिंगही छत्तीसगडमधील रायगढसारखेच छापलेले असते. त्यामुळे आधी राज्य संकेतांक २७ आणि जिल्हा संकेतांक ५२० पाहून घ्यावा. साक्षरतेचे प्रमाण काढताना सहा वर्षांपर्यंतची मुले एकूण लोकसंख्येतून वजा करावी लागतात.

हद्द : २०११ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या २६,३४,२०० होती. त्यांपैकी सुमारे साडेसात लाख माणसे एकट्या पनवेल तालुक्यात होती. म्हणून जिल्ह्याच्या सरासरीवरून मुरूड किंवा श्रीवर्धनबद्दल बोलू नये. तालुका आणि गाव वेगळे काढून पाहावे. अलिबागला लागून असलेले चेंढरे नगर परिषदेच्या हद्दीबाहेर आहे, त्यामुळे शहराच्या आकड्यात ते येत नाही. पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली. तिच्या हद्दीचा २०११ चा आकडा हवा असेल, तर जुनी नगर परिषद, वसाहती आणि समाविष्ट गावे यांची बेरीज करावी लागते. 

मागे जाताना सावधगिरी आणखी वाढवावी. १९४८ पर्यंत मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा हा भाग जंजिरा संस्थानात होता आणि त्याची गणना कुलाबा जिल्ह्याबाहेर होई. पनवेल, उरण, कर्जत हे भाग एकोणिसाव्या शतकात बराच काळ ठाणे जिल्ह्यात होते. कुलाब्याचे नाव रायगड झाले ते १९८१ मध्ये. १९०१ पासूनची वाढ पाहण्यासाठी जनगणनेचा दशवार्षिक तक्ता वापरावा. त्यात जुने आकडे नव्या हद्दींशी जुळवून घेतलेले असतात.

तारीख : २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारीदरम्यान झाली. या संपूर्ण काळात बाहेर असलेला माणूस घरी मोजला गेला नाही. तो जिथे होता तिथली संख्या वाढली. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. त्यामुळे ऐन फेब्रुवारीत त्यांच्या वाड्या अर्ध्या रिकाम्या असतात. मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांचेही तसेच. गणपतीला आणि शिमग्याला भरलेले घर प्रगणकाला कुलूपबंद दिसते. घरयादीच्या तक्त्यांतील रिकाम्या घरांचा रकाना म्हणूनच बारकाईने पाहावा. स्त्री-पुरुष प्रमाणातही हे स्थलांतर उमटते. दर हजार पुरुषांमागे जिल्ह्यात १९९१ मध्ये १,०१०, २००१ मध्ये ९७६ आणि २०११ मध्ये ९५९ स्त्रिया होत्या. उत्तरेकडे पनवेल परिसरात कामासाठी पुरुष येत राहिले, तर म्हसळा, तळा, श्रीवर्धन या दक्षिणेकडील तालुक्यांतून ते बाहेर जात राहिले आणि तिथे स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त राहिली. जिल्ह्याच्या एका आकड्यात या दोन्ही हालचाली एकत्र होतात.

व्याख्या : वर्षात सहा महिने किंवा अधिक काम मिळालेला मुख्य कामकरी, त्याहून कमी मिळालेला सीमांतिक. १९९१ पर्यंत पशुपालन, वनकाम, मासेमारी यांचा वेगळा गट होता. २००१ पासून गावपातळीवर चारच रकाने उरले : शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि इतर. होडीवरचा खलाशी, बाजारात मासळी विकणारी कोळीण, मिठागरातला मजूर आणि बंदरातला कारकून हे सारे ‘इतर’मध्ये बसतात. कोळीवाड्याच्या पुढे ‘इतर’चा मोठा आकडा दिसला, म्हणजे तिथे कारखानदारी आली असे समजू नये. 

जातीच्या बाबतीतही असेच होते. महादेव कोळी अनुसूचित जमातीत आहेत, किनाऱ्यावरचे सोनकोळी नाहीत. म्हणून त्यांची वेगळी संख्या मिळत नाही. आदिम जमात असलेल्या कातकऱ्यांचा आकडा जिल्हास्तरावर मिळतो, मात्र गावाच्या ओळीत सर्व जमातींची एकच बेरीज असते. शिवाय मोजणीचे एकक महसुली गाव असल्याने वाडी, पाडा, कोळीवाडा त्यातच मिसळतात. कोर्लईची पोर्तुगीजमिश्रित बोलीही तक्त्यांत दिसत नाही. देशभरात दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या मातृभाषा ‘इतर’मध्ये जातात.

पूरक साधने : मच्छीमारांसाठी कोची येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २००५, २०१० आणि २०१६ मध्ये केलेली सागरी मत्स्य गणना पाहावी. वाडीपर्यंत पोहोचण्यासाठी ग्रामपंचायतीची घरपट्टी नोंदवही, अंगणवाडीची नोंद आणि रेशनकार्डांची यादी जनगणनेशेजारी ठेवून पाहावी. दोन्हींत फरक आढळला, तर त्यामागचे कारण शोधावे. बहुधा ते स्थलांतरात किंवा हद्दीत सापडते.

पुढील गणना : २०२१ ची जनगणना होऊ शकली नाही. नव्या गणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली असून तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींची नोंद घेण्याचे ठरले आहे. त्यातून सोनकोळी आणि आगरी समाजांची संख्या कळू शकते. मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच येत असल्याने कातकरी वाड्यांचा प्रश्न मात्र कायम राहतो. प्रभागरचना, राखीव जागा आणि निधी यांचे हिशेब पुढे वर्षानुवर्षे याच आकड्यांवर चालतात. म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या वाड्यांची आणि भट्टीवर गेलेल्या कुटुंबांची यादी गणनेआधी तयार ठेवणे अत्यंत आवश्यक आहे.