चोराचा चेहरा

गेल्या शनिवारी एक उद्योग केला. ऑफिसात सायबर सिक्युरिटीचं पोस्टर करायचं होतं, म्हणून चित्रं काढणाऱ्या एका एआय मॉडेलला सांगितलं, सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातला चोर काढ. दहा वेळा काढून घेतला. दहाही वेळा तोच इसम: काळा, डोक्याला मळकं मुंडासं, अंगावर घोंगडी, डोळे तांबारलेले. मग बँकेला गंडा घालणारा मागितला, तर आला गोरागोमटा, कोट घातलेला! ग्रुपवर टाकल्यावर सगळे खो खो हसले. एकजण हसला नाही. तो माण तालुक्यातला, रामोशी समाजाचा. त्याचे पणजोबा रोज पाटलाकडे हजेरी द्यायला जायचे. चोरी केली म्हणून नाही, त्या घरात जन्मले म्हणून.

माझा मूडच गेला. रविवार मग वाचण्यात घालवला.

1871 साली इंग्रजांनी क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्ट आणला. माणूस नाही, अख्खी जमातच गुन्हेगार म्हणून नोंदवायची. सुरुवात उत्तर हिंदुस्थानात झाली. 1911 च्या कायद्याने मुंबई इलाखाही त्यात आला. देशभरातून तो हटला 31 ऑगस्ट 1952 ला. महाराष्ट्रातल्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी, बेरड, कैकाडी ही नावं आहेत ती यामुळेच. आता गंमत बघा, आपल्याकडे रामोशी म्हणजे गडाचा आणि गावाचा राखणदार. ज्याच्या हातात राखण, तोच कागदावर चोर!

चित्रांचा धंदाही तेव्हाचाच. विल्यम जॉन्सन नावाच्या फोटोग्राफरने 1863 आणि 1866 मध्ये मुंबईतल्या जातीजमातींचे दोन खंड काढले. त्यातली माणसं स्टुडिओत उभी करून टिपलेली, मागचा देखावा दुसरीकडचा, दोन्ही जोडून एक फोटो. म्हणजे फोटोशॉप काही आपण शोधलेलं नाही.

पण मला खरा दचका दिला फ्रान्सिस गाल्टनने. 1878 च्या सुमारास त्याने इंग्लंडमधल्या कैद्यांचे फोटो घेतले आणि एकाच काचेवर एकावर एक उमटवले. गुन्हेगाराचा 'नमुना चेहरा' मिळेल ही अपेक्षा. निघाला काय, तर चारचौघांसारखा माणूस, सुट्या फोटोंपेक्षा बराच सभ्य! खुद्द गाल्टननेच हे लिहून ठेवलंय. आपली मॉडेलं अशी सरळ सरासरी काढत नाहीत. कोट्यवधी चित्रं आणि त्यांच्या खालच्या ओळी यांच्या जोड्यांवरून कुठल्या शब्दासोबत बहुधा काय दिसतं ते शिकतात. गाल्टनकडे निदान कैद्यांचे चेहरे होते. मॉडेलकडे आहेत ते कैद्यांबद्दल लोकांनी काढलेली चित्रं आणि लिहिलेल्या ओळी. ब्लूमबर्गने 2023 मध्ये स्टेबल डिफ्यूजन तपासलं, तर 'इनमेट' या शब्दाला 80 टक्क्यांहून जास्त चेहरे गडद रंगाचे आले.

असो. माझं आजोळ आटपाडी, त्यामुळे स्वतंत्रपूर आठवल्याशिवाय राहीना. आज आटपाडी सांगलीत आहे, तेव्हा ती औंध संस्थानात होती. 1939 साली औंधच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, तिथे बिनभिंतीचा तुरुंग सुरू केला. कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनियरची (आपल्या जातीचा माणूस!). खुनाची शिक्षा झालेले लोक तिथे बायकापोरांसह राहून शेती करायचे. त्यावरूनच व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' आला, 1957 मध्ये. लिहिला गदिमांनी, तेही त्याच मुलखातले. पण शांतारामांनीसुद्धा सहाही कैदी बघताक्षणी भीती वाटेल असेच घेतले, हे परवा पुन्हा बघताना खटकलं. आजी मात्र त्या लोकांना नुसतं 'स्वतंत्रपूरचे' म्हणायची. कैदी हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

काल रात्री त्याच मॉडेलला बिनभिंतीचा तुरुंग काढायला सांगितला. तीनदा. तिन्ही वेळा भिंत आलीच, एकदा तर वर काटेरी तारसुद्धा.

पोस्टरवर शेवटी साधं कुलूप टाकलं. माणवाल्याला दाखवलं, तो म्हणाला, "बरं दिसतंय."