चपटं टॅपेट, रोलर टॅपेट आणि बोटीतलं पाणी

मंडळी, आजचा विषय जरा तेलकट आहे. हात पुसायला फडकं जवळ ठेवा.

अमेरिकेतल्या तळ्यांवर शनिवार-रविवारी ज्या मोटारबोटी उंडारत असतात, त्यातल्या खूपशा बोटींच्या पोटात चक्क मोटारीचं इंजिन असतं. बहुतेक वेळा शेवरलेचं 'स्मॉल ब्लॉक' व्ही-८. हे इंजिन १९५५ साली २६५ घनइंचांचं म्हणून आलं आणि १९६७ पर्यंत वाढत वाढत ३५० घनइंच, म्हणजे ५.७ लिटर झालं. ते बोटीत शिरलं त्याला निमित्त झाला जिम विन नावाचा इंजिनियर. कार्ल कीकहेफरच्या कंपनीतली नोकरी सोडून त्याने इंजिन बोटीच्या आत आणि पंख्याचा पाय बोटीच्या मागे बाहेर, अशी जोडणी जमवली. व्होल्वो पेंटाने ती १९५९ मध्ये 'अ‍ॅक्वामॅटिक' म्हणून बाजारात आणली. कीकहेफरसाहेब अर्थातच जळफळले, आणि १९६१ मध्ये त्यांचं 'मर्क्रूझर' आलं. तेव्हापासून डेट्रॉइटमध्ये मोटारींसाठी जे काही ठरायचं, ते बोटवाल्यांच्या गळ्यात आपोआप पडायला लागलं. कॅमशाफ्टचंही तसंच झालं.

कॅमशाफ्ट म्हणजे काय तर एक दांडा, आणि त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे. दांडा फिरला की उंचवटा टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, आणि शेवटी व्हॉल्व्ह उघडतो. हे टॅपेट दोन जातींचं. चपट्या बुडाचं टॅपेट उंचवट्यावर घासत जातं. रोलर टॅपेटच्या बुडाला छोटं चाक असतं, ते उंचवट्यावरून गडगडत जातं.

गंमत म्हणजे चपटं टॅपेट चपटं नसतंच! त्याचं बूड किंचित फुगीर असतं, नुसत्या डोळ्याला कळणार नाही इतकं. समोर कॅमचा उंचवटाही किंचित तिरका घासलेला असतो. त्यामुळे वर-खाली होताना टॅपेट स्वतःभोवती हळूहळू फिरत राहतं आणि झीज एकाच जागी होत नाही. बिडाचे दोन तुकडे, एवढा दाब, आणि मध्ये तेलाचा पातळ पापुद्रा. एवढ्यावर ही व्यवस्था दशकानुदशकं चालली, याचं मला खरंच कौतुक वाटतं. फिरणं थांबलं की मात्र खेळ खलास. उंचवटा घासून गुळगुळीत होतो आणि धातूचा चुरा तेलातून इंजिनभर पसरतो.

म्हणून नवीन चपट्या कॅमचं पहिलं 'स्टार्ट' हा एक सोहळाच असतो. उंचवट्यांना मॉलिब्डेनमची पेस्ट फासायची, इंजिन सुरू झाल्याबरोबर २००० आरपीएमच्या वर न्यायचं आणि वीस-तीस मिनिटं तिथेच खेळवत ठेवायचं. आयडलवर सोडायचं नाही, कारण कॅमला तेल मिळतं ते मुख्यतः क्रँकशाफ्टने उडवलेल्या शिंतोड्यांतून. बोटीच्या बाबतीत आणखी एक लफडं आहे. इंजिनाला थंड करणारं पाणी बाहेरून येतं. ते नसेल तर पंपातला रबरी पंखा काही क्षणांत जळतो. त्यामुळे घराच्या दारात, ट्रेलरवर, बागेच्या नळीने पाणी पाजत हा सोहळा उरकावा लागतो. शेजारी खूश!

रोलरचा इतिहास यापेक्षा रंगतदार आहे. चेट हर्बर्ट नावाचा कॅलिफोर्नियातला तरुण १९४८ मध्ये पोलिओने व्हीलचेअरला खिळला. त्याची 'द बीस्ट' नावाची हार्ले-डेव्हिडसन मोटरसायकल १९५० मध्ये सांता आनाच्या धावपट्टीवर भल्याभल्या मोटारींना मागे टाकत होती. हार्लेमध्ये टॅपेटला चाकं होती. हर्बर्टच्या डोक्यात आलं, हेच मोटारींच्या व्ही-८ मध्ये का नको? त्याने रोलर कॅम बनवून विकायला सुरुवात केली. शर्यतवाल्यांनी ते डोक्यावर घेतले, पण कारखान्यांनी तीसेक वर्षं ढुंकून पाहिलं नाही. रोलर महाग पडत होता आणि पेट्रोल स्वस्त होतं, मग कशाला? फोर्डने १९८५ मध्ये ५.० लिटर मस्टँगला रोलर दिला, जनरल मोटर्सने १९८७ मध्ये मोटारींच्या स्मॉल ब्लॉकला. घर्षण कमी म्हणजे मायलेज जास्त, हे त्यामागचं साधं गणित. ट्रक आणि बोटींच्या नशिबी चपटं टॅपेट पुढेही बरीच वर्षं राहिलं.

आता माझ्या मते या सगळ्यातला सर्वात महत्त्वाचा मुद्दा, आणि तो फक्त बोटीलाच लागू पडतो: पाणी. बोटीच्या एक्झॉस्टमध्ये मुद्दाम पाणी सोडतात, नाहीतर तापलेल्या पाइपांनी बोट पेटेल. एक्झॉस्ट स्ट्रोक संपताना थोडा वेळ दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असतात, त्याला ओव्हरलॅप म्हणतात. ओव्हरलॅप जास्त असेल तर आयडलला इनटेककडचा निर्वात एक्झॉस्ट उलटा ओढतो, आणि त्याच्याबरोबर पाण्याचा तुषार थेट सिलिंडरमध्ये. व्हॉल्व्ह गंजतात, रिंगा गंजतात. मोटारीत जो कॅम नुसता 'धडधड' असा मस्त आवाज काढतो, तोच बोटीत इंजिनाचा जीव घेतो. शर्यतीच्या मोटारीचा कॅम बोटीत घालणाऱ्या उत्साही मंडळींनी हा धडा बऱ्याच पैशात विकत घेतलेला आहे.

इथे रोलर जिंकतो. चपट्या टॅपेटने व्हॉल्व्ह किती झपाट्याने उचलता येईल, याला त्याच्या व्यासाचं बंधन असतं. शेवरलेमध्ये तो ०.८४२ इंच आहे. उंचवटा त्याहून आक्रमक केला तर टॅपेटची कडाच त्यात रुतेल. अगदी सुरुवातीच्या क्षणाला चपटं टॅपेट मागे नसतं, पण पुढे रोलर त्याला गाठून मागे टाकतो. म्हणजे व्हॉल्व्ह तेवढाच वेळ उघडा ठेवून जास्त हवा आत घेता येते. ताकद हवी म्हणून ओव्हरलॅप वाढवायची गरज पडत नाही आणि पाणी बाहेरच्या बाहेर राहतं.

मग तेलाचा घोटाळा झाला. चपट्या टॅपेटला वाचवणारं रसायन म्हणजे जस्त आणि फॉस्फरसचं झेडडीडीपी, १९४० च्या दशकापासून तेलात असलेलं. पण फॉस्फरस मोटारींच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारतो. म्हणून २००४ च्या एपीआय एसएम मानकात त्याची मर्यादा ०.०८ टक्क्यांवर आली. नव्या मोटारींत तोवर रोलर आले होते, त्यामुळे कोणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते जुन्या इंजिनवाल्यांचं. आपल्या भाषेत सांगायचं तर लायब्ररीची नवी आवृत्ती आली आणि जुन्या कोडचा आधार गुपचूप काढून घेतला! पण 'जस्त गेलं म्हणून सगळे कॅम गेले' हे मला पटत नाही. ही मर्यादा १०डब्ल्यू-३० सारख्या पातळ ग्रेडना होती, बोटींसाठीच्या २५डब्ल्यू-४० सारख्या जाड तेलांना नव्हती. अनेक कॅम सुरुवातीच्या सोहळ्यातल्या घाईने गेले असावेत, आणि सुमार टॅपेटांनीही हातभार लावला असावा.

बरं, रोलरही काही देवदूत नाही. त्याच्या चाकात सुईएवढ्या बेअरिंग असतात. त्या सुटल्या तर इंजिनभर फिरतात. चाक सरळ राहायला हवं, म्हणून टॅपेटला फिरू द्यायचं नसतं. १९८७ नंतरच्या ब्लॉकमध्ये त्याची सोय ओतकामातच आहे, जुन्या ब्लॉकला जोडपट्टीवाले महाग टॅपेट लागतात. रोलर कॅमचे उंचवटे तिरके नसल्याने कॅम पुढे-मागे सरकू शकतो, त्याला पुढून अडवावं लागतं. कॅम पोलादी असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या गिअरचा धातूही त्याला मानवणारा हवा. एक वस्तू बदलायला जावं तर पाच बदलतात.

त्यामुळे माझा कौल असा: चालू असलेलं, नीट रुळलेलं चपट्या टॅपेटचं इंजिन उगाच उघडू नये. जाड मरीन तेल घालावं आणि हिवाळ्यानंतर बाहेर काढताना नीट सुरू करावं. मात्र इंजिन खोललंच असेल आणि ब्लॉक १९८७ नंतरचा असेल, तर रोलरच घालावा, बोटीसाठी घासलेला.

एकच मोठा अपवाद आहे. जुन्या दोन-इंजिनी बोटींत एक इंजिन मुद्दाम उलटं फिरायचं, म्हणजे दोन पंखे परस्परविरुद्ध फिरून बोट सरळ राहते. त्या इंजिनात साखळीऐवजी दोन गिअर असतात. क्रँक उलटा फिरला तरी कॅम, तेलाचा पंप आणि डिस्ट्रिब्युटर नेहमीच्याच दिशेने फिरतात. फायरिंगचा क्रम मात्र उलटा, त्यामुळे कॅम वेगळाच लागतो. दुकानातला नेहमीचा रोलर कॅम तिथे चालत नाही. तेव्हा आधी इंजिन कुठल्या बाजूला फिरतंय ते बघा, मग पाकीट उघडा.