भाच्याचा पिस्टन आणि डेटनचं पेट्रोल

मधले दोन महिने आमच्या गराजमध्ये गेले. निमित्त भाच्याचं. तो इथेच ओहायोत कॉलेजला आहे. ऑक्टोबरात त्याने एक जुनी ए.टी.व्ही. विकत घेतली. ए.टी.व्ही. म्हणजे फुगीर टायरांची, मोटरसायकलसारखं हँडल असलेली चारचाकी. चिखलातून, टेकाडांवरून पळवायची. ही चारशे सीसीची, एका सिलिंडरची. निळा धूर सोडतच घरी आली. आधीच्या मालकाने एअर फिल्टर कधी साफ केलेला दिसत नव्हता. धूळ आत गेली की ती पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर खाते, मग ऑइल वर चढून जळतं.

"मामा, इंजिन खोलायचंच आहे तर साधा पिस्टन कशाला? हाय कॉम्प्रेशनचा टाकू."

आता थोडं समजावून सांगतो, कारण हे वाचणाऱ्या माझ्या नातेवाइकांत मेकॅनिक कोणी नाही. :-) मूळ पिस्टनचं कॉम्प्रेशन ९ ला १ होतं. म्हणजे पिस्टन तळाशी असताना त्याच्यावर जेवढी जागा असते, तिचा नववा हिस्सा तो वर आल्यावर उरतो. नव्या पिस्टनच्या डोक्यावर फुगवटा असतो, त्यामुळे ती जागा आणखी आक्रसते. कॅटलॉगमध्ये ११ चा होता आणि १३ चाही. साहेबांचं बोट अर्थातच १३ वर! त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: रेसिंगचं इंधन लागेल. त्याने तेही शोधून ठेवलं होतं. त्या डब्यावर 'शिसेयुक्त, फक्त शर्यतीसाठी' असं छापलेलं होतं.

मी तिथे अडलो. शिसेयुक्त पेट्रोलचा जन्म आमच्या घरापासून अर्ध्या तासावर, डेटन शहरात झाला. ती गोष्ट मी त्याला त्या संध्याकाळी सांगितली, तीच इथे लिहितो.

१८७६ साली ऑटोचं चार स्ट्रोकचं इंजिन चाललं, तेव्हा मिश्रण जेमतेम अडीच पट दाबलं जाई. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टीमध्ये चार-साडेचार पट, २.९ लिटरच्या त्या धूडातून २० हॉर्सपॉवर निघत. जास्त दाबलं तर तेवढ्याच पेट्रोलमधून जास्त काम मिळतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण दाबलं की तापतं. सायकलीत हवा भरताना पंप गरम होतो, तसंच. मग ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं आणि आतून हातोडी मारल्यासारखी खडखड येते. हेच नॉकिंग. दुर्लक्ष केलं तर पिस्टनला खड्डे पडतात, भोकही पडतं.

डेटनमध्ये चार्ल्स केटरिंग मोटारींचं बॅटरी इग्निशन बनवत असे, आणि लोक खडखडीचा दोष त्या इग्निशनला देत. १९१६ मध्ये त्याच्याकडे थॉमस मिजली नावाचा तरुण इंजिनियर आला. बर्फ असतानाच फुलणारं एक लालसर पानांचं झुडूप असतं. लाल रंग उष्णता शोषत असेल, मग पेट्रोलच लाल करून बघू, अशी त्यांची कल्पना. लाल रंग हाताशी नव्हता म्हणून मिजलीने आयोडिन ओतलं, आणि खडखड थांबली! रंगाचा काही संबंध नव्हता, पण इंजिन न बदलता पेट्रोल बदलता येतं हे कळलं. पुढे अ‍ॅनिलिन, सेलेनियम, टेल्युरियम असं करत ९ डिसेंबर १९२१ ला त्यांना टेट्राएथिल लेड सापडलं. गॅलनला सुमारे तीन मिलिलिटर पुरे. २ फेब्रुवारी १९२३ ला ते डेटनच्याच एका पंपावर पहिल्यांदा विकलं गेलं. नाव 'एथिल'. शिशाचा उल्लेख नावात ठेवला नाही.

शिसं विषारी आहे हे तेव्हाही जुनंच ज्ञान होतं. मिजली स्वतः त्याच वर्षी शिशाच्या बाधेने आजारी पडून फ्लोरिडाला हवापालटाला गेला होता. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. त्यानंतर ३० ऑक्टोबरला मिजलीने पत्रकारांसमोर ते द्रव्य हातांवर ओतून घेतलं आणि बाटली नाकाशी धरून हुंगून दाखवली. १९२५ मध्ये विक्री थांबली आणि सरकारने परिषद बोलावली. डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांच्यासारख्यांनी बजावून सांगितलं. १९२६ मध्ये विक्री पुन्हा सुरू.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळलं तरी खडखड थांबते, हे मिजलीला माहीत होतं. पण अल्कोहोल भरपूर लागतं, शिसं चमचाभर. आणि शिशाच्या पेटंटावर मक्तेदारी उभी राहत होती. जगाने चमचा निवडला. क्लेअर पॅटरसनने १९५६ मध्ये पृथ्वीचं वय काढलं, ते करताना जिथे तिथे शिसं सापडतंय हे त्याच्या लक्षात आलं, आणि १९६५ पासून तो उघडपणे भांडू लागला. अमेरिकेतल्या रस्त्यांवरून शिसं १९९६ ला गेलं, भारतातून २००० मध्ये, आणि जगातल्या शेवटच्या पंपावरून, अल्जीरियात, २०२१ साली.

म्हणजे माझं सगळं लहानपण त्यात गेलं. सांगलीच्या अंगणात रविवारी बाबा स्कूटर खोलून बसायचे. सुटे भाग पेट्रोलमध्ये धुवायचे, उघड्या हातांनी. डबा धरायचं काम माझं आणि ताईचं. तो वास आम्हा दोघांना फार आवडायचा. काम झालं की बाबा हातावरचं काळं त्याच पेट्रोलने काढायचे. त्यात शिसं थेंबभरच असेल, पण हात धुणारा मिजली वाचला की मला बाबांचेच हात दिसतात. फरक एवढाच, की बाबांना कोणी काही सांगितलं नव्हतं. मिजलीला सगळं माहीत होतं.

भाचा गप्प बसला. मग म्हणाला, "पण मामा, माझ्या एका डब्याने काय होणार?"

"तू गाडी कुठे पळवतोस?"

"मागच्या शेतात."

"तिथे कोण खेळतं?"

शेजाऱ्यांची दोन पोरं. तिसरीतली आणि बालवाडीतली. ११ चा पिस्टन मागवला.

सिलिंडर मशीन शॉपमधून बोअर करून आणला. रिंगांची गॅप फीलर गेजने मोजली, त्यांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना ठेवली. पिस्टनच्या डोक्यावर क्लेची गोळी ठेवून इंजिन हाताने फिरवलं आणि दबलेल्या क्लेची जाडी मोजून व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाहीत याची खात्री केली. हेडचं पॅकिंग नवं, बोल्ट तिरपे-समोरासमोर आवळले, टॅपेट सेट केले. टाकीत पंपावरचं साधं ९३ ऑक्टेन. चढावर फुल थ्रॉटल देऊन कान लावला. खडखड नाही!

इथल्या बहुतेक पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, भारतात तर वीस टक्क्यांपर्यंत गेलंय, आणि त्यातलं काही आपल्याच उसाचं. इथेनॉलचीही दुखणी आहेत, नाही असं नाही. पण मिजलीने बाजूला ठेवलेला रस्ता हाच होता. तिथे परत यायला शंभर वर्षं लागली.

असो. ताई, वाचत असशील तर, तुझा मुलगा हातमोजे घालून काम करतो. मी सांगायच्या आधीपासून.