मुंबईत गायिले, ४३ वर्षे डब्यात राहिले
'लेड झेपलिन'चे मुंबईतील ध्वनिमुद्रण आणि रॉक चाहत्यांची दीर्घ प्रतीक्षा

'लेड झेपलिन' या ब्रिटिश रॉक बँडचे गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट यांनी ऑक्टोबर १९७२ मध्ये मुंबईत भारतीय वादकांच्या साथीने 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. ती अधिकृतपणे श्रोत्यांच्या हाती पडली ३१ जुलै २०१५ रोजी. मधल्या ४३ वर्षांत ही गाणी अस्तित्वात आहेत हे जगभरच्या चाहत्यांना ठाऊक होते. चोरट्या ध्वनिमुद्रिकांतून त्यांच्या निकृष्ट नकलाही फिरत होत्या. मूळ ध्वनिफीत मात्र बंदच राहिली.

जपानचा दौरा आटोपून हे दोघे मुंबईत उतरले होते. 'फ्रेंड्स' १९७० च्या तर 'फोर स्टिक्स' १९७१ च्या ध्वनिमुद्रिकेत आधीच प्रसिद्ध झालेले होते. तीच गाणी भारतीय तबला आणि तंतुवाद्यांवर कशी उमटतात हे पाहण्याचा हा प्रयोग होता. वाद्यवृंदाची जबाबदारी पं. विजय राघव राव यांनी सांभाळली. पं. रविशंकर यांचे शिष्य असलेले राव उत्तम बासरीवादक होते आणि फिल्म्स डिव्हिजनच्या असंख्य माहितीपटांना त्यांनी संगीत दिले होते. चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी दाखविल्या जाणाऱ्या माहितीपटांतून त्यांचे सूर गावोगावच्या प्रेक्षकांनी, बहुधा त्यांचे नावही न वाचता, ऐकलेले आहेत. त्याच मुक्कामात पेज आणि प्लांट यांनी कुलाब्यातील 'स्लिप डिस्क' या क्लबातही हजेरी लावून वादन केले. त्याच्या आठवणी मुंबईच्या रॉक वर्तुळात पुढे अनेक वर्षे सांगितल्या गेल्या.

प्रयोगाचा सूर पेज यांच्या मनातून गेला नाही. १९९४ मध्ये 'एमटीव्ही'साठी केलेल्या 'नो क्वार्टर' या कार्यक्रमात पेज-प्लांट जोडीने हीच दोन गाणी नव्याने सादर केली. या वेळी साथीला इजिप्तचे वादक होते. मुंबईत सुचलेली वाट अशा रीतीने जगासमोर आली, परंतु मुंबईचे मूळ काम त्यानंतरही आणखी २१ वर्षे अप्रकाशित राहिले. अखेर १९८२ च्या 'कोडा' या ध्वनिमुद्रिकेची तीन तबकड्यांची वाढीव आवृत्ती २०१५ मध्ये निघाली, तेव्हा त्यात या दोन गाण्यांना जागा मिळाली. पं. राव यांचे २०११ मध्येच निधन झाले होते.

वादकांची गोष्ट अधिक खटकणारी आहे. नव्या आवृत्तीत गाण्यांच्या नावापुढे कंसात 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा' असा उल्लेख आहे. चार वर्षे आधी, जानेवारी १९६८ मध्ये, 'बीटल्स'चे जॉर्ज हॅरिसन यांनी मुंबईत एचएमव्हीच्या ध्वनिमुद्रणगृहात 'वंडरवॉल म्युझिक'साठी काम केले होते. त्या ध्वनिमुद्रिकेवर शिवकुमार शर्मा, आशिष खान, विनायक व्होरा, रिजराम देसाद, शहनाईवादक शरद आणि हनुमान जाधव अशी भारतीय वादकांची नावे छापली गेली. म्हणजे नावे देण्याची प्रथा तेव्हा नव्हती, असे म्हणता येत नाही. हिंदी चित्रपटसंगीतात मात्र पडद्यामागच्या वादकाचे नाव तबकडीवर न येणे हा तेव्हा जवळपास नियम होता.

अमरावती-अकोल्यातील महाविद्यालयीन तरुणांपर्यंत १९८० आणि १९९० च्या दशकांत हे संगीत पोहोचे ते बहुतांशी कॅसेटवरून कॅसेटवर उतरवून घेतलेल्या प्रतींतून. प्रत जितकी पुढची, तितकी खरखर अधिक. अशा श्रोत्याला अप्रकाशित ध्वनिफितीची हळहळ समजावून सांगावी लागत नाही. रॉकशी संबंध नसलेल्या वऱ्हाडी माणसालाही ती कळेल. संत गाडगे महाराजांचे ८ नोव्हेंबर १९५६ रोजीचे वांद्रे पोलीस ठाण्यातील कीर्तन ध्वनिमुद्रित झाले. पुढच्या दीड महिन्याच्या आत, २० डिसेंबर रोजी, अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या काठी महाराजांचे देहावसान झाले. आज त्यांचा आवाज म्हणून घरोघरी ऐकला जातो तो याच कीर्तनातला. ती फीत कोणी कपाटात ठेवून दिली असती तर काय गमावले असते, याचा अंदाज करणे कठीण नाही.

गाण्यांपेक्षा चित्रणाबाबत 'लेड झेपलिन'च्या चाहत्यांची तक्रार अधिक तीव्र आहे. हा बँड दूरचित्रवाणीपासून दूर राहिला, त्यामुळे प्रचारासाठीच्या चित्रफिती जवळपास नाहीतच. जानेवारी १९७० मधील लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील कार्यक्रमाचे चित्रण २००३ च्या डीव्हीडीत, म्हणजे ३३ वर्षांनी दिसले. मे १९७५ चे अर्ल्स कोर्ट आणि ऑगस्ट १९७९ चे नेबवर्थ येथील कार्यक्रमही त्यात आहेत, पण निवडक भागच. संपूर्ण कार्यक्रम अधिकृतपणे बाजारात आलेले नाहीत. डिसेंबर २००७ च्या लंडनमधील पुनर्मीलनाच्या कार्यक्रमासाठीही २०१२ पर्यंत थांबावे लागले. 'बीटल्स'चा १९७० चा 'लेट इट बी' हा चित्रपट तर अनेक दशके दुर्मीळ राहून मे २०२४ मध्ये पुन्हा उपलब्ध झाला. कलावंतांची बाजूही आहे. कच्चे, चुकलेले किंवा अर्धवट काम लोकांसमोर आणायचे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार त्यांचाच आहे आणि पेज यांची चोखंदळ वृत्ती प्रसिद्ध आहे.

कायदा मात्र या प्रश्नाकडे निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या नजरेने पाहतो. ब्रिटन व युरोपीय संघात ध्वनिमुद्रण ५० वर्षांत प्रकाशित झाले नाही तर त्यावरील हक्क संपतो. वेळेत प्रकाशित केल्यास तो ७० वर्षे टिकतो. त्यामुळे कंपन्यांना जुनी कपाटे उघडावी लागतात. बॉब डिलन यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा संच २०१२ मध्ये युरोपात सुमारे १०० प्रतींपुरताच काढण्यात आला. 'बीटल्स'ची १९६३ मधील अप्रकाशित ध्वनिमुद्रणे डिसेंबर २०१३ मध्ये विक्रीस आली, तीही याच कारणाने. चाहत्यांची सोय हा हेतू नव्हता, पण लाभ त्यांना झाला.

भारतात असा रेटा नाही. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम २७ नुसार ध्वनिमुद्रणावरील हक्काची ६० वर्षे प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून मोजली जातात. चित्रपटासाठी कलम २६ ची तरतूदही तशीच आहे. (१९९२ पूर्वी ही मुदत ५० वर्षे होती.) प्रकाशनच झाले नाही तर मोजणी सुरू होत नाही. मालकाच्या परवानगीविना काढलेली प्रत कलम ४ प्रमाणे प्रकाशन ठरत नाही, त्यामुळे चोरट्या नकलांनीही घड्याळ चालू होत नाही. वादकांसाठी स्वतंत्र 'कलावंताचा हक्क' कायद्यात आला तो १९९४ च्या दुरुस्तीने. १९७२ मध्ये मुंबईत साथ करणाऱ्यांना त्याचा आधार नव्हता.

कलम २७ ची मोजणी मुंबईच्या त्या दोन गाण्यांना लावली, तर २०१५ चे प्रकाशन धरून मुदत १ जानेवारी २०१६ पासून सुरू होते आणि ३१ डिसेंबर २०७५ रोजी संपते. ध्वनिमुद्रणाला तेव्हा १०३ वर्षे झालेली असतील.