तिसरी वायर

गेल्या महिन्यात काकांचं वर्कशॉप रिकामं केलं. लेथ गेला, ग्राइंडर गेला, दोन्ही ड्रिल मशीन गेल्या. मागच्या भिंतीपाशी सिमेंटच्या झाकणाचा एक खड्डा तेवढा उरला. तो कोण विकत घेणार?

अर्थिंगचा खड्डा. आत लोखंडी पाईप, भोवती मीठ-कोळसा. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यात रोज दोन बादल्या पाणी ओतायचं काम आम्हा मुलांचं असे. आम्हाला वाटायचं काका उगीच कामाला लावतात. परवा सहज या खड्ड्याचा इतिहास वाचायला घेतला आणि बसलोच वाचत!

वाफेच्या काळात कारखान्याला एकच इंजिन असे. छताखालून लांब शाफ्ट फिरायचा आणि त्यावरून पट्ट्यांनी एकेक मशीन चाले. कपडा पट्ट्यात गेला की माणूस गेला. पण धोका डोळ्यांना दिसायचा. १९१५ साली टाटांची खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पुढे कारखान्यांतून शाफ्ट-पट्टे जात गेले, मशीनला स्वतःची मोटर आली आणि धोका दिसेनासा झाला. मोटरच्या आतलं इन्शुलेशन गेलं की बिडाच्या अख्ख्या सांगाड्यात करंट उतरतो. मशीन मात्र काहीच न झाल्यासारखं चालू राहतं.

यावर उपाय म्हणजे सांगाडा जमिनीला जोडणं. आज हे साधं वाटतं, पण वीज मुद्दाम जमिनीला जोडावी की नाही यावरच सुरुवातीला इंजिनिअर आणि विमावाले यांच्यात वाद होते. अमेरिकेच्या वायरिंगच्या नियमावलीत १५० व्होल्टपर्यंतच्या ट्रान्सफॉर्मर सर्किटांना अर्थिंग सक्तीचं झालं ते १९१३ मध्ये. आपल्याकडे १९५६ च्या विद्युत नियमांतला ६१ वा नियम सांगत होता की मोटरच्या सांगाड्याला अर्थिंगच्या दोन स्वतंत्र जोडण्या हव्यात. एक तुटली तर दुसरी असावी म्हणून! कारण ही वायर तुटली तरी कळत नाही. फेज तुटली तर मशीन बंद पडतं, अर्थिंग तुटलं तर काहीच होत नाही... त्या दिवसापर्यंत.

आणखी एक गैरसमज माझाही होता. मला वाटायचं करंट जमिनीत 'जिरतो'. तसं नाही. त्याला परत ट्रान्सफॉर्मरकडे जायचं असतं. समजा आपला खड्डा ५ ओहम आणि तिकडचा ५ ओहम. २३० व्होल्टला करंट आला २३ अँपिअर. ३० अँपिअरचा फ्यूज तेवढ्यानं उडत नाही, आणि मशीनच्या अंगावर ११५ व्होल्ट तसेच राहतात! म्हणजे नुसता खड्डा पुरत नाही. फ्यूज झटकन उडेल इतका सोपा परतीचा रस्ता तरी हवा, नाहीतर गळती ओळखणारा स्विच तरी.

तो स्विच किती नाजूक असावा हे कळायला माणसांवर प्रयोग करावे लागले. कॅलिफोर्नियातल्या चार्ल्स डॅलझिएल या प्राध्यापकांनी स्वयंसेवकांच्या हातात तार देऊन पाहिलं की किती करंटला ती सोडता येत नाही. पुरुषांची सरासरी निघाली १६ मिलिअँपिअर. साठ वॉटचा बल्ब याच्या सोळापट करंट खातो! १९६१ मध्ये त्यांनीच गळती ओळखून वीज तोडणारं उपकरण बनवलं. आज आपल्या घरात जो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवतात, तो त्याच जातीचा.

हे सगळं वाचताना काकांचा एक प्रसंग आठवला. त्यांनी तो फार उशिरा, एकदाच सांगितला होता. सुरुवातीच्या दिवसांत हँड ड्रिलच्या थ्री पिन टॉपची जाड पिन सॉकेटमध्ये जाईना, म्हणून त्यांनी ती कापून टाकली. (ती पिन लांब असते ती उगीच नाही. आधी अर्थिंग लागावं आणि शेवटी सुटावं म्हणून!) पावसाळ्यात ओल्या फरशीवर उभा असलेला त्यांच्याकडचा पोरगा त्या ड्रिलला चिकटला. ओरडताही येईना त्याला. कुणीतरी मेन स्विच पाडला म्हणून वाचला.

"पिन मी कापली होती रे," काका म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत.

तो खड्डा त्यानंतरचा. दोन बादल्याही त्यानंतरच्याच.

नवीन मालकाला मी खड्डा दाखवला, तेव्हा तो म्हणाला, "बुजवून टाकू." मी म्हटलं, आधी वायरमनला बोलवून अर्थिंग मोजून घ्या, मग ठरवा. त्यानं मान हलवली खरी... तुमच्याही घरी एखादी पिन कापलेली असेल. आज बघाच.