पत्ता वाचावा, खोडू नये : ई-मेलच्या इतिहासातील एक धडा

जबलपूरच्या राइट टाउनला जाणाऱ्या पत्रावर ४८२००२ हे सहा अंक असतात. पहिला ४ महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांचा. पुढील अंकांनी विभाग आणि डाकघर ठरते. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी व संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पत्र कोणत्या गाडीने जावे, हे त्या अंकांत लिहिलेले नसते. ती वाट टपाल खाते ठरवते आणि त्यासाठी पाकिटावरचा पत्ता कोणी खोडत नाही. ई-मेलच्या जगाला मात्र हे शहाणपण बऱ्याच ठेचा खाऊन आले.

रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये नाव आणि यंत्र यांच्यामध्ये ‘@’ हे चिन्ह ठेवले. पण दूरध्वनीवरून चालणाऱ्या यूयूसीपी जाळ्यात पत्ता म्हणजे प्रवासाची वाट असे: वाटेतील प्रत्येक यंत्राचे नाव क्रमाने लिहायचे आणि मध्ये ‘!’ घालायचे. ब्रिटनच्या विद्यापीठांत नावांचा क्रमच उलटा होता. देश आधी, विभाग शेवटी. परिणामी संगणकशास्त्र विभागाचे ‘सीएस’ हे लघुरूप काही यंत्रांना चेकोस्लोव्हाकियाची खूण वाटे. ‘अ!ब@क’ असा पत्ता आला, तर आधी ‘अ’कडे जायचे की ‘क’कडे? एका जाळ्याचे उत्तर दुसऱ्याला मान्य नव्हते.

यावर बर्कलीच्या एरिक ऑलमन यांनी तोडगा काढला. त्यांची १९८३ मधील ‘सेंडमेल’ ही प्रणाली प्रत्येक पत्ता आधी एका समान रूपात आणी, कोणत्या मार्गाने पाठवायचे ते ठरवी आणि मग पुढच्या जाळ्याला कळेल अशा रूपात तो पुन्हा लिही. एका जाळ्यातून दुसऱ्यात पूल बांधणारी ही विलक्षण युक्ती होती. पण वाटेतील प्रत्येक यंत्र स्वतःच्या नियमांनी पत्ता बदलू लागले, की पोहोचलेल्या पत्राला उत्तर देणे अशक्य होई. प्रेषकाचे यंत्र केवळ तोकडे नाव लिही. दूरचे यंत्र त्यापुढे स्वतःचे क्षेत्रनाम जोडी. मग उत्तर परदेशातील सहकाऱ्याकडून निघून त्याच्याच संस्थेत, अस्तित्वात नसलेल्या व्यक्तीच्या नावे फिरत राही.

भारतात हे काम नेमके याच काळात सुरू झाले. १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ उभे केले. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईतील जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र होते. आरंभीचे टपाल दूरध्वनीवरून, यूयूसीपीनेच चाले. ज्या देशात परदेशी नियतकालिके महिन्यांनी येत, तेथे संशोधकासाठी अशा एका उत्तराचे मोल मोठे होते.

दोष शोधण्याची तेव्हाची रीत आजही उपयोगी आहे. सेंडमेलच्या चाचणी-अवस्थेत नियमसंचाचा क्रमांक व पत्ता दिला, की प्रत्येक टप्प्यावरचे रूपांतर दिसते. त्याआधी एक भेद मात्र स्पष्ट हवा: पत्राच्या शीर्षभागातील पत्ता वाचकासाठी असतो, तर यंत्रे आपसांत वापरतात तो ‘पाकिटा’वरचा पत्ता निराळा. एक बदलला आणि दुसरा तसाच राहिला, तर पत्र पोहोचते, पण न पोहोचल्याची सूचना भलतीकडे जाते.

खरा उपाय नियम वाढवण्यात नव्हता. १९८६ मध्ये ठरलेल्या मानकांनी पत्ता आणि मार्ग यांची फारकत केली: पत्त्यात ठिकाण असावे, वाट क्षेत्रनाम-यंत्रणेला विचारावी. १९८९ मध्ये भारताला ‘.इन’ हे क्षेत्रनाम मिळाले. पत्ता बदलायचाच, तर तो संस्थेच्या सीमेवर, एकदाच आणि उलट वाट शाबूत ठेवून, ही शिस्त तेव्हापासून रुळली.

तरीही मोह सुटला नाही. देवनागरीसारख्या लिप्यांतील ई-मेल पत्ते जुन्या यंत्रांना पेलावेत, म्हणून ते वाटेतच रोमन लिपीत बदलण्याचा प्रयोग २००९ च्या सुमारास मांडला गेला. २०१२ च्या मानकांनी तो सोडून दिला: यंत्राला पत्ता पेलत नसेल, तर पत्र परत करावे, पत्ता बदलू नये. २०१४ मध्ये ‘.भारत’ आले. आता देवनागरी पत्ता नाकारणाऱ्या प्रणालीत सुधारणा करणे हे त्या प्रणालीच्या चालकाचे काम आहे. स्वतःचे नाव दुसऱ्या लिपीत लिहिण्याचा भार पत्र पाठवणाऱ्यावर नाही.