बेत मनुष्याचा, वाट देवाची
(वसईचे संत गोन्सालो गार्सिया ह्यांच्या चरित्रावरून)

धर्मग्रामाची ज्युबिली हा हिशेबाचा प्रसंग होय. पाया कोणी घातला, वर्गणी कोणी जमविली, शाळा केव्हा सुरू झाली, ह्यांची टिपणे अशा वेळी बाहेर निघतात आणि वाचणारांस आपल्या वाडवडिलांच्या दूरदृष्टीचे कौतुक वाटते. ते योग्यच आहे. परंतु ही टिपणे मन लावून वाचली म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. जे योजिले तेच आणि तसेच घडले, असे फार थोड्या कामांविषयी म्हणता येते. मग योजना करावी ती कशाला? आणि सर्व काही देवाच्या हाती आहे असे मानणारा भाविक मनुष्य हात जोडून स्वस्थ का बसत नाही? ह्या प्रश्नाचे उत्तर केवळ तर्काने देण्यापेक्षा आपल्याच भूमीत जन्मलेल्या एका संताच्या इतिहासावरून शोधणे अधिक बरे.

पवित्र शास्त्राने योजना करणारास कधी दोष दिलेला नाही. बुरूज बांधण्यापूर्वी खर्चाचा अंदाज घेणाऱ्या मनुष्याचा दाखला स्वतः प्रभूनेच दिला आहे. दोष आहे तो उद्याचा दिवस आपल्याच मालकीचा समजण्यात. संत याकोबाने आपल्या पत्रात व्यापारी लोकांची जी कानउघाडणी केली आहे ती ह्याच गोष्टीविषयी होय. संत पौलाने बिथुनिया प्रांतात जाण्याचा बेत केला होता. ती वाट बंद झाली म्हणून तो समुद्रकिनाऱ्यावरील त्रोवस नगरास आला, तेथून मासेदोनियास गेला, आणि युरोपात त्याचा प्रवेश झाला. पौल घरी बसून राहता तर त्याची एक वाट बंद झाली नसती आणि दुसरी उघडलीही नसती.

संत गोन्सालो गार्सिया ह्यांचा जन्म इ. स. १५५६ च्या सुमारास वसई येथे झाला. गुजरातचा सुलतान बहादूरशहा ह्याने इ. स. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली होती, आणि कोटाच्या आत त्यांचे नगर उभे राहत होते. गोन्सालोंचे वडील पोर्तुगीज व आई ह्याच भागातील, असे परंपरा सांगते. त्यांचे शिक्षण येशूसंघाच्या फादरांच्या हाताखाली झाले.

हे फादर आपल्या किनाऱ्यावर आले कसे, हे येथे सांगणे अवश्य आहे. कारण त्यांचे येणे हाही मोडलेल्या एका बेताचाच परिणाम होता. इ. स. १५३४ च्या १५ ऑगस्ट रोजी पॅरिस नगराच्या मोंमार्त्र टेकडीवर संत इग्नेशियस लोयोला व त्यांचे सहा सोबती ह्यांनी जेरुसलेमास जाण्याचा नवस केला. इ. स. १५३७ मध्ये ते व्हेनिस बंदरात गलबताची वाट पाहत होते. पण व्हेनिसचे तुर्कांशी युद्ध जुंपल्यामुळे त्या वर्षी यात्रेकरूंचे गलबत सुटलेच नाही. मात्र वर्षभर वाट पाहूनही जाणे न घडल्यास रोमास जाऊन परमगुरूस्वामींच्या पायाशी आपली सेवा अर्पण करावी, हे त्यांनी नवसातच ठरविले होते. बेत मोडला तर काय करावे, हेही त्यांच्या बेतात होते. त्याप्रमाणे ते रोमास गेले, आणि इ. स. १५४० मध्ये तिसरे पॉल ह्यांनी त्यांच्या संघास मान्यता दिली. त्याच वर्षी हिंदुस्थानात पाठविण्यासाठी नेमलेले बोबादिया आजारी पडले व त्यांच्या जागी, फारशी तयारी करण्यास अवधी नसता, फ्रान्सिस झेवियर निघाले. इ. स. १५४२ च्या ६ मे रोजी ते गोव्यास उतरले, पुढे वसईसही आले, आणि इ. स. १५४९ मध्ये जपानात पोहोचले. युद्धामुळे एक गलबत सुटले नाही, एका धर्मगुरूस दुखणे आले, आणि त्यातून गोवा, वसई व जपान ह्यांस जोडणारी वाट निघाली. पुढे त्याच वाटेने वसईचा एक मुलगा चालून गेला.

गोन्सालो जपानास गेले तेव्हा त्यांचे वय अवघे पंधरा-सोळा वर्षांचे होते. तेथे त्यांनी जपानी भाषा उत्तम आत्मसात केली आणि धर्मशिक्षक म्हणून सुमारे आठ वर्षे फादरांच्या बरोबर सेवा केली. येशूसंघात प्रवेश मिळावा हीच त्यांची एकमेव इच्छा. त्यासाठी त्यांनी पुनःपुन्हा विनंती केली. पण ती मान्य झाली नाही. नकार देणारे काही दुष्ट नव्हते, आणि मागणाऱ्याच्या अंगी काही उणे होते असेही पुढील इतिहास दाखवीत नाही. लहानपणापासून ज्यांच्या सहवासात वाढलो, ज्यांच्यासाठी परकी भाषा शिकलो, त्यांच्याच दारी आपणांस आत घेतले जात नाही, हे दुःख ज्याने भोगले असेल त्यासच त्याची खोली कळेल.

अशा वेळी मनुष्य दोनपैकी एका मार्गाने बिघडतो. एक तर तो कडवट होतो, नाही तर हीच देवाची इच्छा असे म्हणून आळशी होतो. गोन्सालोंनी दोन्ही टाळले. ते त्या पूर्वेकडील समुद्रावर व्यापार करू लागले आणि व्यापारात त्यांचा चांगला जम बसला. परंतु मनातील हाक मिटली नव्हती. पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाशी त्यांचा संबंध आला, आणि चालता व्यापार सोडून त्यांनी तेथे धर्मबंधू म्हणून व्रते घेतली. धर्मगुरुपदाची दीक्षा त्यांस नव्हती; मठातील साधी सेवा हाच त्यांचा वाटा होता.

इ. स. १५९३ मध्ये फिलिपाइन्सच्या स्पॅनिश सुभेदाराने जपानचा सर्वाधिकारी तोयोतोमी हिदेयोशी ह्याजकडे वकिलात पाठविली. तिचे प्रमुख फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाप्टिस्टा ह्यांस जपानी भाषा येत नव्हती. ती गोन्सालोंस येत होती. येशूसंघाच्या सेवेसाठी शिकलेली भाषा अशा रीतीने दुसऱ्याच संघाच्या कामी आली, आणि वसईचा हा धर्मबंधू हिदेयोशीसमोर दुभाषी म्हणून उभा राहिला. इ. स. १५८७ पासून जपानात मिशनरींविरुद्ध हुकूम असता फ्रान्सिस्कनांस क्योटो नगरात राहण्याची मोकळीक मिळाली. तेथे त्यांनी मठ व ख्रिस्तमंदिर बांधले आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये चालविली. नकाराच्या काळातील एकही वर्ष वाया गेले नव्हते.

ह्यापुढील प्रसंग एका जहाजाचा आहे. ‘सान फेलिपे’ नावाचे मोठे स्पॅनिश गलबत इ. स. १५९६ च्या जुलै महिन्यात मालाने भरून मनिलाहून मेक्सिकोकडे निघाले. त्यावर फेलिपे दे जेसुस नावाचे तरुण फ्रान्सिस्कन व्रतस्थ होते. मनिला येथे त्या वेळी बिशप नसल्यामुळे धर्मगुरुपदाची दीक्षा घेण्यासाठी ते आपल्या जन्मभूमीस, मेक्सिकोस, परत चालले होते. वादळामागून वादळे आली, आणि ऑक्टोबरात ते मोडके गलबत जपानच्या तोसा किनाऱ्यास लागले. माल जप्त झाला. गलबतावरील सुकाणूवाल्याच्या बढाईने हिदेयोशीचा संशय भडकला असे सांगतात. ह्याविषयी पोर्तुगीज व स्पॅनिश लोकांच्या साक्षी परस्परविरुद्ध आहेत. परिणाम मात्र निश्चित आहे. क्योटो व ओसाका येथील फ्रान्सिस्कन, त्यांचे जपानी सहकारी आणि येशूसंघाची तीन माणसे ह्यांस पकडण्यात आले. घरी निघालेले फेलिपेही त्यांतच सापडले.

इ. स. १५९७ च्या जानेवारीत प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढण्यात आली, आणि ऐन हिवाळ्यात त्यांस नागासाकीपर्यंत नेण्यात आले. निघाले तेव्हा ते चोवीस होते. वाटेत आणखी दोघांची भर पडली. त्यांतील सर्वांत लहान लुईस हा बारा वर्षांचा होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर ह्या सव्वीस जणांस क्रुसावर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. क्रुसापाशी प्रथम पोहोचलेले गोन्सालो हेच होते, आणि त्यांनी गुडघे टेकून आपल्या क्रुसास आलिंगन दिले, असे परंपरा सांगते. त्याच रांगेत येशूसंघाचे पाउल मिकी होते. आणि योहान व याकोब हे दोन जपानी धर्मशिक्षक होते, ज्यांस मरणाच्या उंबरठ्यावर येशूसंघात व्रते घेण्याची अनुज्ञा मिळाली. गोन्सालोंनी तरुणपणी जे मागितले होते तेच ह्या दोघांस मिळाले. त्यांस स्वतःस ते मिळाले नाही. पण त्या सोबत्यांशेजारीच त्यांचा क्रूस उभा होता.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. हिदेयोशीचे क्रौर्य देवाने योजिले, असे म्हणणे ख्रिस्ती विश्वासास धरून नाही. मनुष्याचे पाप हे मनुष्याचेच. त्या पापासही आपल्या कृपेचा मार्ग अडवू न देणे, हे देवाचे काम होय. शिवाय ज्यास नकार मिळाला त्या प्रत्येकास पुढे वेदीवर स्थान मिळते, असेही नाही. पुष्कळ भाविकांस आपला बेत का मोडला ह्याचे उत्तर ह्या लोकी मिळत नाही. गोन्सालोंसही ते सर्व कळले होते असे मानण्याचे कारण नाही. वाट दिसली तेवढी ते चालले, आणि हाती आलेले काम त्यांनी नीट केले. दैवी मार्गदर्शनावर भरवसा ठेवणे म्हणजे एवढेच.

पुढील इतिहासही लक्षात घेण्याजोगा आहे. जपानात इ. स. १६१४ पासून ख्रिस्ती धर्मास सर्वत्र बंदी झाली. धर्मगुरू राहिले नाहीत, देवळे राहिली नाहीत; मिशनच्या साऱ्या योजना संपल्यासारख्या दिसल्या. इ. स. १८६२ मध्ये नववे पायस ह्यांनी त्या सव्वीस हुतात्म्यांस संत म्हणून घोषित केले, आणि त्यांच्याच नावाने नागासाकीस एक नवे ख्रिस्तमंदिर उभारण्यात आले. इ. स. १८६५ मध्ये त्या मंदिरात काही शेतकरी स्त्री-पुरुष आले आणि त्यांनी फादरांस आपल्या गुप्त श्रद्धेची ओळख दिली. दोनशे वर्षांहून अधिक काळ त्यांनी ती घराघरांत जपून ठेवली होती.

आपल्या वसईचेही असेच झाले नाही काय? ज्या राज्यकर्त्यांनी दगडी कोट व उंच देवळे अनंतकाळासाठी म्हणून बांधली, त्यांच्याकडून इ. स. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकून घेतली. कोटातील ती देवळे आज भग्न उभी आहेत. राहिली ती आसपासच्या गावांतील कुटुंबांची संध्याकाळची प्रार्थना. ती टिकविण्याची योजना कोणत्याही सुभेदाराने केलेली नव्हती. ती आयाबायांनी व वडीलधाऱ्यांनी रोजच्या रोज चालविली, म्हणून टिकली.

ज्युबिलीच्या निमित्ताने आपणही पुढील वर्षांच्या योजना आखणार, आणि आखाव्याच. वर्गणीचा हिशेब चोख ठेवावा, मुलांच्या शिक्षणाची तरतूद करावी, आजाऱ्यांची व गरिबांची आठवण ठेवावी. त्यांतील एखादे काम अडले, एखादे दार बंद झाले, तर ते बंद करणारावर रागावून घरी बसू नये; आपण जे शिकलो ते कोणाच्या उपयोगी पडेल हे शोधीत पुढे जावे. वसईचे संत गोन्सालो गार्सिया आपल्यासाठी विनंती करोत, आणि आपल्या बेतांस जेथे वळण लागेल तेथे ते वळण ओळखण्याची बुद्धी व चालण्याचे बळ परमेश्वर आपणांस देवो. आमेन.